डायना वॉशिंग्टनचा ‘मेलो मामा’ घेतला, सगळी गाणी एकसारखीच वाटतायत, माझंच काही चुकतंय का?

उनाड_पेठकर
मंडळी, डायना वॉशिंग्टन ही अमेरिकन गायिका म्हणजे माझ्यासाठी १९५९ चं ते ग्रॅमीवालं व्हायोलिनं लावलेलं गाणं, बाबांच्या कॅसेटवर होतं. तेच डोक्यात ठेवून जुन्या सीड्या विकणाऱ्या एकाकडून डेलमार्क कंपनीचा ‘मेलो मामा’ घेतला. बघतो तर व्हायोलिनं नाहीत काही नाहीत, एकूण बारा गाणी, बहुतेक ब्लूज, सगळी तीनेक मिनिटांची, पाचव्या गाण्यापर्यंत कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं तेच कळेना. आवाजही फार टोकदार, तीच बाई वाटत नाही. मी गंडलोय का? मर्क्युरी कंपनीचा मोठा सेट घ्यायला हवा होता का?

तबकडीवेडा
गंडला नाहीत, फक्त शेवटाकडून सुरुवात केलीत. ही रेकॉर्डिंग्ज डिसेंबर १९४५ ची, लॉस एंजेलिसमधली, अपोलो नावाच्या छोट्या कंपनीसाठी तीन सेशन्समध्ये उरकलेली. बाई तेव्हा २१ वर्षांच्या होत्या हो! लायनेल हॅम्प्टन या जॅझवाल्याच्या बँडमध्ये दोन-तीन वर्षं रोज गात होत्या पण त्या बँडबरोबर रेकॉर्डवर जवळजवळ काहीच आलं नाही, कारण एकीकडे वादकांच्या युनियनने १९४२ पासून रेकॉर्डिंग बंद पाडलेलं आणि दुसरीकडे हॅम्प्टनच्या कंपनीला या पोरीत रस नव्हता. युद्ध संपलं, बंदीही उठलेली, छोट्या कंपन्या पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशा उगवल्या, त्यातली ही एक.
आणि मागे कोण वाजवतंय ते कव्हरवर बघितलंत का? टेनर सॅक्स लकी थॉम्पसन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) मिल्ट जॅक्सन (२२ वर्षं), बास चार्ल्स मिंगस (२३ वर्षं). मिल्ट जॅक्सन त्या गावात होता कारण त्याच आठवड्यात डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर ही जॅझमधली बडी नावं हॉलिवूडच्या बिली बर्ग्ज क्लबात वाजवायला आलेले, हा डिझीच्या बँडमधला. आता विचार करा.

मधली_आळी
वर सगळं बरोबर पण त्यांनी विचारलंय ऐकायचं कसं 😄
सलग ऐकू नका. ही गाणी मुळात अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांवरची, एका बाजूला एकच गाणं, लोक दोन ऐकून उठायचे. आपल्याकडच्या जुन्या गायिकांची तीन-तीन मिनिटांची रेकॉर्डं ओळीने बारा लावली तर आपलंही डोकं भणभणेल की. दुसरं म्हणजे ब्लूजचा साचा ठरलेला, बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट), पहिली ओळ, तीच परत, मग तिसरी ओळ म्हणजे उत्तर. पण प्रत्येक ओळ गाऊन झाली की जागा उरते बघा, ती सॅक्स नाहीतर व्हायब्राफोनवाला भरतो, आपल्याकडे गायक श्वास घेतो तेव्हा पेटीवाला भरतो तसं. त्या रिकाम्या जागांकडे कान ठेवा, गाणी आपोआप वेगळी होतील. आणि टेप तेव्हा स्टुडिओत आलेली नव्हती, थेट डिस्कवर कापायचे, म्हणजे चुकलं की पहिल्यापासून.
आवाज टोकदार म्हणताय तो शिकागोच्या चर्चमधला. सॅली मार्टिनच्या गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) ग्रुपमध्ये गायची ती. शब्द कसा तोडते बघा, शेवटचं व्यंजनसुद्धा गिळत नाही.

खडूस_काका
माझं मत जरा उलटं. गायकी अव्वल, पण गाण्यांचे शब्द निम्मे भरतीचे. दोन गाणी तर नुसत्या ‘वूट’वर काढलीत, ती त्या वेळची तिथल्या जॅझवाल्यांची गंमतभाषा, स्लिम गेलार्डने पसरवलेली. आज ती शिळी वाटते. बाकीच्यांमधला द्वयर्थ मात्र झकास, लावणी ऐकणाऱ्याला समजावून सांगायला नको.
मर्क्युरीचं म्हणाल तर ते १९४६ पासून पुढचं, सात खंड, प्रत्येकात तीन सीड्या, आणि ही बारा गाणी त्यात नाहीतच! तेव्हा पैसे वाया गेले नाहीत तुमचे.

तबकडीवेडा
@खडूस_काका शब्द भरतीचे असतील पण तीच भरतीची ओळ दुसऱ्यांदा गाताना ती एका शब्दावर मुद्दाम मागे रेंगाळते आणि मग धावत जाऊन बँडला गाठते, ते एकविसाव्या वर्षी कोण करतं सांगा. बाई ३९ व्या वर्षी गेली, १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे या रेकॉर्डिंगनंतर बरोबर अठरा वर्षं हातात होती.

उनाड_पेठकर
सगळ्यांना थँक्स. काल रात्री हेडफोन लावून दोनच ऐकली, मधे उठून चहा केला. मिंगसचा बास आधी ऐकूच येत नव्हता, फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो ना, गाढवपणा. आता ती गायला लागली की खालून कोणीतरी सावकाश पायऱ्या चढतंय असं वाटतं. ‘वूट’बद्दल काका बरोबर, ती दोन मी स्किप करतो.
मर्क्युरीचा पहिला खंड कोणाकडे जास्तीचा पडलाय का? सात घेतले तर बायको घरातून काढेल.