मदत हवी आहे: केमोत मेथोट्रेक्सेटनंतर ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध, अनुभव सांगाल का?

वहिनी, वय २९, बदलापूर. द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षाच्या घडासारखी असामान्य वाढ) निघाला म्हणून पिशवी साफ केली. नंतर बीटा एचसीजी (रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनचा आकडा) आधी उतरला, मग तीन आठवडे जागचा हलेना. निदान जीटीएन, म्हणजे वारेच्या पेशींचा कॅन्सर. फिगो स्कोअर (आजाराची जोखीम मोजणारा) ४, लो-रिस्क. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

परळला टाटामध्ये उपचार चालू आहेत. मेथोट्रेक्सेटच्या तीन सायकल झाल्या: एक दिवसाआड इंजेक्शन, मधल्या दिवशी फॉलिनिक ॲसिड, असे आठ दिवस. आकडा ६१०० वरून ४१२ वर आला, पण पुढचे दोन्ही रिपोर्ट ४०५ आणि ३९८. लॅब एकच आहे, तो घोळ नाही. आता डॉक्टर ॲक्टिनोमायसिन-डी देणार. ते शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूची कातडी जळते म्हणतात, आणि वहिनीच्या शिरा आधीच सापडत नाहीत!

पिशवी काढायची नाही, दुसरं मूल हवंय. (उपचार संपल्यावर वर्षभर गरोदरपण टाळायचं, हे माहीत आहे.) घरी तीन वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे ॲडमिट राहणं कठीण. काढे, पपईच्या पानांचा रस वगैरे कृपया सुचवू नका, सासूबाईंनी ते खातं सांभाळलंय.

हे औषध घेतलेल्या कुणी पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत सोडलेली लांब नळी) बसवली होती का, की हातातल्या साध्या सुईवर भागलं? आणि तुम्हाला सलग पाच दिवस दिलं की पंधरा दिवसांतून एकदा? पाच दिवसांचं असेल तर बदलापूरहून रोज लोकलने येणं झेपतं का, की परळजवळच खोली बघावी?