फेब्रुवारीत पहिल्यांदाच स्कीइंग: गुलमर्ग की औली?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी बारा वर्षांची लेक स्कीइंग शिकायला जायचं म्हणतोय. दोघीही अगदी नवख्या. नाशिकहून निघून परत येईपर्यंत हातात आठ दिवस. सासूबाईंना काश्मीरची धास्ती वाटते, म्हणून घरच्यांचा कल उत्तराखंडातल्या औलीकडे. लेकीला गुलमर्गची गोंडोला, म्हणजे तिथली केबल कार, हवीय. नुसते फोटो काढायला जायचं नाहीये, खरंच शिकायचंय. काय करावं?

हिमरेषा
ताई, आठच दिवस असतील तर गुलमर्ग. मी दोन्हीकडे स्कीइंग केलंय आणि माझा जीव औलीवर जास्त आहे, तरी हेच सांगेन.

औलीचं गणित प्रवासात बिघडतं. डेहराडूनपर्यंत विमान, मग ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे 250 किमी, सगळा घाटरस्ता. लेकीला घेऊन वाटेत मुक्काम करावाच लागेल. जाण्यायेण्यातच चार दिवस संपतात. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचली तेव्हा बंद झाला, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. मुंबईहून श्रीनगरला मात्र थेट विमान आहे, पुढे गुलमर्ग 50 किमी. बर्फ पडला असेल तर वाटेतल्या टंगमर्गला चाकांना चेन लावलेली गाडी घ्यायची.

गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटर उंचीवर नेतो. तो उतार शिकाऊंसाठी नाहीच. तिथे हिमस्खलनं होतात, फेब्रुवारी 2024 मध्ये एका रशियन स्कीअरचा त्यात जीव गेला. लेकीला पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला फिरवून आणा. शिकायचं ते खाली गावालगतच्या सौम्य उतारावर. तिथे पडलं तरी मऊ बर्फातच पडतो.

सगळ्यात महत्त्वाचे बूट. भाड्याच्या दुकानात घाई करतील, तुम्ही करू नका. बूट घालून गुडघे पुढे वाकवा: नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकली पाहिजे आणि टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. टाच हलली तर स्की तुमचं ऐकत नाही, आणि मुलं मग स्वतःलाच दोष देऊन हिरमुसतात. मोजे एकच जोडी, लोकरीचे. जीन्स अजिबात नको, ती भिजली की दिवस संपला. आणि प्रशिक्षक रोज तोच ठेवा, मुलांना माणूस बदललेला सोसत नाही.

सातारी_पाय
औलीची बाजूही मांडतो. तिथल्या सरकारी गढवाल मंडल विकास निगमचा कोर्स केला तर शिकवणीला शिस्त असते, गिऱ्हाईक म्हणून लाड होत नाहीत. शिवाय समोर नंदादेवी. मी तर तिच्याचसाठी पुन्हा जाईन. पण बर्फाची खात्री नाही. बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा रद्द झाल्यात.

हिमरेषा
अगदी बरोबर. फक्त खात्री गुलमर्गलाही नाही, जानेवारी 2024 मध्ये तिथलं मैदान कोरडं पडलं होतं. फेब्रुवारी निवडलात ते उत्तम केलंत. ताईंकडे पंधरा दिवस असते तर मीही औलीच म्हटलं असतं.

गोदाकाठ
खूप आभार दोघांचे. गुलमर्ग नक्की करतेय. सासूबाईंना रोज फोन करीन म्हणून कबूल केलंय.

हिमरेषा
मग आधी सिम बघा. बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सासूबाईंची काळजी साहजिक आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर कोणाला वाटणार नाही? निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्यांना फोन करून तिथली परिस्थिती विचारा. परतीच्या आदल्या रात्री मुक्काम श्रीनगरला ठेवा, बर्फ पडला की टंगमर्गचा रस्ता अडतो. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन लवकर काढा. लेकीचा बुटांचा नंबर सेंटीमीटरमध्ये मोजून न्या, तिथे तोच विचारतात.