कालव की शिंपला? (आणि इमोजीला मराठीत काय?)

खाडीकाठ: एका कीबोर्ड ॲपसाठी इमोजींची मराठी नावं तपासतोय. २०१९ साली आलेल्या 'ऑयस्टर'पुढे कुणीतरी 'शिंपला' लिहिलंय. मी 'कालव' केलं, तर वरून शेरा आला, "म्हणजे कालवण का?" काय ठेवू?

रेवदंड्याची: शिंपला म्हणजे नुसतं कवच हो. आत मांस असतं ते कालव. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्या बायका खडकावर बसून हातोडीने फोडतात, बोटं चिरतात.

शुद्धमती: मुळात इमोजी कशाला? 'भावचिन्ह' म्हणा.

देवगडकर: भाव म्हटलं की मला लिलावातला बांगड्याचा दर आठवतो.

घाटावरचा: आणि कालवात कसला भाव? शब्द जपानी आहे: 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इमोशनशी उच्चार जुळतो एवढंच. 'चित्राक्षर' म्हणा हवं तर.

शुद्धमती: चित्राक्षर चालेल. पण रडक्या चेहऱ्याला चित्राक्षर कोण म्हणणार?

अक्षरजुळारी: युनिकोड ही अक्षरं-चिन्हांना क्रमांक देणारी संस्था. इमोजीचा ती फक्त क्रमांक आणि इंग्रजी नाव ठरवतं, आणि ते नाव पुन्हा बदलत नाहीत. चित्र ज्या त्या कंपनीचं. मराठी नावं सीएलडीआर या त्यांच्याच साठ्यात असतात; तिथे नाव एक, शोधशब्द अनेक. तेव्हा नाव 'कालव', शोधशब्द 'शिंपला, मोती'. मिटलं!

रेवदंड्याची: मोती कशाला? चित्रात मोती काढतात, तिथेच घोळ. मोत्याचा शिंपला वेगळ्या कुळातला, खायचं कालव वेगळं.

देवगडकर: कोळंबी नि माकूल (स्क्विड) २०१६ ला आली, शेवंड (लॉब्स्टर) २०१८ ला. कुर्ली तर त्याआधीच. पण बांगडा, सुरमई, सौंदाळा सगळ्यांना मिळून एकच मासा! तिसऱ्या या खायच्या शिंपल्यांना तर तोही नाही.

अक्षरजुळारी: अर्ज करा की. चित्र भरपूर वापरलं जाईल याचा पुरावा जोडायचा. फार विशिष्ट वस्तू असली तर नाकारतात.

देवगडकर: तिसऱ्या विशिष्ट? मालवणच्या बाजारात येऊन बघा म्हणावं.

घाटावरचा: 'कुर्ली' नको, 'खेकडा' लिहा. सगळ्यांना कळतं.

देवगडकर: खेकडा शेताच्या बांधावरचा. खाडीतली ती कुर्ली.

रेवदंड्याची: आमच्याकडे दोन्ही खेकडेच. बरं, तिसऱ्या आणि शिवल्या एकच ना?

देवगडकर: छे! कोणी सांगितलं?