कडी डाखलेला १८६२चा राणीछाप रुपया: मोडीत द्यावा का?

सातारची_थोरली
नमस्कार मंडळी. आमच्या आजेसासूबाई गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक रुपया घालायच्या. त्यांच्या माघारी ट्रंकेतलं बोचकं सोडलं, त्यात तो निघाला. व्हिक्टोरिया राणीचं नाक आणि गाल सपाट झालेत, मुकुट ओळखू येतो. मागे वन रुपी, इंडिया, १८६२. डोक्याच्या वर कडी डाखली आहे, म्हणजे धातू वितळवून जोडली आहे, डाखाचा ओघळ अक्षरांवर उतरलाय. कडेला विळा लागल्यासारखी एक खाच पण आहे.

गावातल्या सराफाने कडीसकट काट्यावर टाकला, १२.३ ग्रॅम भरला. "जुना माल, साठ टक्के धरतो" म्हणाला. तिकडे धाकट्या भाऊजींनी मोबाईलवर जाहिरात काढली: राणीछाप रुपयाचे दोन लाख, आधी फक्त नोंदणीचे पैसे भरा. नणंदा तिघी आहेत, त्यातली एक दुबईला. वाटणीत कुणाचं मन दुखवायचं नाही, म्हणून खरी किंमत काय धरू? आणि कडी काढून, चिंच-मीठ लावून चकचकीत केला तर भाव चढेल का?

पप्पू_करवीर
वहिनी दोन लाख आले की आम्हाला विसरू नका 😄

टांकसाळ_नाशिक
पप्पूशेठ, अशा जाहिरातींना भुलून लोकांचे खिसे रिकामे झालेत, म्हणून थट्टा बाजूला ठेवू. जुन्या नाणी-नोटांच्या नावाने कुणी फी किंवा कर मागितला तर तो भामटा समजा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं होतं. भाऊजींना तेवढं वाचायला द्या.

आता ताई, तुमचा रुपया. टांकसाळीतून निघताना तो एक तोळ्याचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी बारा भागांत अकरा, साधारण ९१.७ टक्के. नाणं वापरून झिजतं, वाढत तर नाही. म्हणजे १२.३ मधला निदान ०.६४ ग्रॅम कडीचा आणि डाखाचा. राणीचे गाल सपाट म्हणताय, तर नुसतं नाणं ११.२ च्या आसपास धरू. त्यात शुद्ध चांदी सव्वादहा ग्रॅमच्या थोडी वर येते. सराफाच्या हिशोबाने किती झाली? १२.३ चे साठ टक्के, ७.४ ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम शुद्ध चांदी त्याच्या गल्ल्यात. ५० टक्के चांदीचे रुपये निघाले ते १९४० पासून, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. ते गणित व्हिक्टोरियाला लावायचं नाही. डाखाची घट त्याने जरूर धरावी, पण डाखाची. सगळ्या नाण्याची नव्हे.

ही झाली चांदी. नाणं म्हणून वर किती मिळेल? १८६२ हे सगळ्यांत फसवं वर्ष. तो आकडा पाहून लोकांना वाटतं, त्या एकाच वर्षाचं नाणं, म्हणजे दुर्मीळ. प्रत्यक्षात १८६२ हेच वर्ष घालून १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले. त्यामुळे ते गावोगावी निघतात, आणि नुसतं १८६२ दिसलं म्हणून संग्राहक हातातला चहा खाली ठेवत नाही. तो भिंग काढतो आणि वर्षाच्या आकड्यांच्या वर-खाली बारीक टिंबं आहेत का ते बघतो. मुंबईच्या टांकसाळीने अशी टिंबं घातली, त्यांच्यावरून नाणं नक्की कुठल्या साली पाडलं ते काढतात. पुढे नक्षीच्या माथ्यावरचं फूल उघडं की मिटलेलं, राणीच्या पोशाखावरच्या पट्ट्या किती, हेही बघतात. एखादी जुळणी कमी सापडणारी निघाली तर घासलेल्या नाण्यालाही गिऱ्हाईक मिळतं. साधी निघाली आणि वर डाख असला, तर चांदीचा भाव हीच किंमत. मी स्वतः डाखाचं साधं नाणं चांदीच्या वर एक पैसा देऊन घेत नाही.

तुमच्या नाण्याच्या तीन दुखण्यांत झीज सगळ्यांत हलकी. झीज प्रामाणिक असते, खरेदीदार ती समजून घेतो. खाच त्याहून वाईट, आणि डाख सगळ्यांत वाईट, कारण अक्षरं त्याच्याखाली गेली ती गेली.

चिंच-मीठ अजिबात नको. रांगोळी नको, दंतमंजन नको. काळपट थर घासून काढला की नाणं भांड्यासारखं पांढरं दिसतं आणि जाणकार लांबूनच मान फिरवतो. फार तर कोमट पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपा.

घडवणारा
मी कारागीर आहे. कडी उतरवता येते, पण डाख वितळवायला नाणं तापवावं लागतं, रंग बदलतो. कडी निघाली तरी डाग राहतोच. तो कानसायला गेलं की कडेचे दाते जातात. आहे तशी राहू द्या. मोडीतच द्यायचा ठरला तर कडी समोर कातरायला लावा आणि नाण्याचं वेगळं वजन करून घ्या.

माहीमकर
एक नणंद दुबईला म्हणालात म्हणून सांगतो. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तिच्या वाटणीला आला तरी पर्समध्ये टाकून विमानात बसू नये. विमानतळावर नसता मनस्ताप.

सातारची_थोरली
सगळ्यांचे आभार. भाऊजींनी जाहिरात उडवली. मुलाच्या प्रयोगवहीबरोबर आलेलं भिंग घेऊन खिडकीशी बसले. वर्षाच्या खाली दोन टिंबं आहेत, वर काही दिसत नाही. फूल मिटलेलं वाटतंय. दुबईच्या वन्संना कायद्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या मला फोटो पुरे.

टांकसाळ_नाशिक
टिंबं आहेत म्हणजे बहुधा मुंबईचा. उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो टाका, झिजलेलं टिंब सरळ उजेडात बुजतं. वाटणीपुरती किंमत मात्र सव्वादहा ग्रॅम शुद्ध चांदी धरून चला. जिला तो रुपया ठेवायचाय तिने बाकी दोघींना त्या दिवसाच्या भावाने हिस्सा द्यावा.

पप्पू_करवीर
आता खरंच विचारतो. आमच्या आत्याकडे पंचम जॉर्जचा १९११चा आहे म्हणते. त्याचं काही येतं का?

टांकसाळ_नाशिक
खरा १९११ असेल तर सांभाळा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी ७ लाखच बाहेर पडले. बाकी वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारला. पण आधी शेवटचा आकडा भिंगाखाली बघा, घासलेला ७ हुबेहूब १ दिसतो. १९१७चे पोत्याने मिळतात.