चाकण सोडून एरोस्पेसमध्ये जावं का? आणि गेलो तर प्रोजेक्टमध्ये?

चाकणवाला२९
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल, मूळ कोल्हापूरचा. सहा वर्षं चाकणला ऑटोच्या कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कापयंत्रांच्या) लाइनवर प्रोसेस इंजिनिअर आहे. फिक्स्चर (भाग यंत्रावर पकडून धरायची चौकट), टूल लाइफ, सायकल टाइम हेच रोजचं. आता बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पगार जवळपास तेवढाच. दोनपैकी एक निवडा म्हणालेत: मशीनिंग, नाहीतर नवीन यंत्रं आणून बसवायचा प्रोजेक्ट विभाग. आई कोल्हापुरात एकटी असते, त्यामुळे जायची ओढ आहेच. पण प्रोजेक्टमध्ये गेलो तर हातातलं मशीनिंग सुटेल, नुसत्या कोटेशन आणि मीटिंगा उरतील, अशी भीती वाटते.

ओझरकर
माझे वडील नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, होते. तो कारखाना १९६४ साली मिगसाठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० आलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून तेजस मार्क १ए उडालं. सहा दशकांत तीन मोठी कामं. ऑटोत दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतं, इथे एकेका विमानावर माणूस निवृत्त होतो. हा संथपणा तुम्हाला मानवेल का, ते आधी स्वतःला विचारा.

मोजमाप
चाकणवाले, मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. दहा मशीनिंगमध्ये, पुढची प्रोजेक्टमध्ये. मीही ऑटोतूनच आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आल्या आल्या मला वाटलं होतं, ५० मायक्रॉन (०.०५ मिमी) तर आपण रोज धरतो, यात वेगळं काय? मग ७०७५ या मजबूत ॲल्युमिनियमच्या रिब (विमानाच्या सांगाड्यातल्या फासळ्या) आल्या, ९०० मिमी लांबीच्या. मे महिना, शॉपमध्ये ३१ अंश. यंत्रावरच प्रोबने (स्पर्शाने माप घेणाऱ्या काडीने) मोजल्या, माप अगदी नेमकं. दुसऱ्या दिवशी सीएमएम रूममध्ये (अचूक मोजणी यंत्राच्या थंड खोलीत) २० अंशांवर मोजल्या तर ०.११ मिमी आखूड. ड्रॉइंगवर ±०.०५ होतं. सहा केल्या होत्या, सहाही गेल्या. ॲल्युमिनियम एका मीटरला अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं, यंत्राची पोलादी मोजपट्टी त्याच्या निम्मी. ११ अंशांना ९०० मिमीवर दोघांत तेवढीच तफावत पडते. कॉलेजात हे गणित मी सोडवलं होतं.

मी रात्रभर बसून ऑफसेट (यंत्राला दिलेली मापाची भरपाई) दुरुस्त केला, सातवी रिब बरोबर आली. सकाळी क्वालिटीच्या साहेबांना दाखवायला गेलो. त्यांनी रिबकडे पाहिलंही नाही. "हा बदल कुणी मंजूर केला?" एवढंच विचारलं. त्या दिवशी मला एरोस्पेस कळलं. चाकणला आपण रोज थोडी सुधारणा करतो आणि त्याचं कौतुक होतं. इथे एएस ९१०२ या एरोस्पेसच्या मानकाप्रमाणे पहिल्या नगाचं प्रत्येक माप बलून करून (ड्रॉइंगवर गोलात क्रमांक देऊन) नोंदवतात, आणि ते मंजूर झालं की प्रोसेस गोठते. यंत्र बदललं, जागा बदलली, प्रोसेस बदलली आणि त्याचा परिणाम भागावर होऊ शकत असेल, तर तेवढी तपासणी पुन्हा. दोन वर्षं उत्पादन थांबलं तरी पुन्हा.

म्हणून माझं स्पष्ट मत, प्रोजेक्ट घ्या. गोठायच्या आधी इंजिनिअरचा हात मोकळा असतो तो तिथेच. कुठलं यंत्र, कुठली स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा), फिक्स्चर कसं, कूलंटचं तापमान धरायचं की नाही, हे सगळं तेव्हा ठरतं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं मशीनिंगवाले त्यातच जगतात. ज्याने लाइनवर उभं राहून चिप काढली नाही त्याने हे निर्णय घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मशीनिंग सुटणार नाही, तिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

भट्टीवाली
मोजमाप सरांशी शंभर टक्के सहमत. मी हीट ट्रीटमेंट बघते. ७०७५ भट्टीतून काढला की काही सेकंदांत क्वेंच टाकीत (झटकन थंड करायच्या टाकीत) बुडायला हवा, उशीर झाला तर ताकद आणि गंज सोसायची क्षमता दोन्ही घटतात. आधीच्या नोकरीत नवी भट्टी उत्तम घेतली होती, तापमान कोपऱ्याकोपऱ्यात ±६ अंशांत. पण टाकी भट्टीपासून लांब आणि होइस्ट (माल उचलून नेणारी यारी) संथ. मांडणीचा कागद ठरताना आमच्यापैकी कुणाला बोलावलंच नव्हतं. शेवटी होइस्ट बदलला, पाया फोडून टाकी सरकवली, चार महिने गेले. दादा, प्रोजेक्टमध्ये गेलात तर भट्टीवर काम करणाऱ्यांना आधी विचारा एवढीच विनंती.

चाकणवाला२९
भट्टीवाली ताई, मोजमाप सर, खूप आभार. कालच आईला फोनवर वाचून दाखवलं. प्रोजेक्ट म्हणून कळवतोय. पहिलं काम पाच-अक्षी यंत्र बसवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

मोजमाप
जमिनीपासून. मातीचा रिपोर्ट मागा. शेजारी कॉम्प्रेसर, प्रेस किंवा फोर्कलिफ्टचा रस्ता असेल तर तो पाया मोकळा, वेगळा करून घ्या. काँक्रीटला २८ दिवस द्या, यंत्र बंदरात येऊन पडलं असलं आणि वरून कितीही फोन आले तरी. लेव्हल आणि लेझरचं माप यंत्र बनवणाऱ्याच्या कारखान्यात एकदा आणि आपल्या शॉपमध्ये पुन्हा, दोन्ही वेळा स्वतः उभं राहून घ्या. चाचणीला त्यांचा नमुना तुकडा चालवू देऊ नका, आपला सर्वात पातळ भिंतीचा भाग लावा. आणि रुजू व्हायच्या आधीच विचारा, यंत्र बसणार त्या बेमध्ये (शेडच्या भागात) मे महिन्यात दुपारी तीनला किती अंश असतात.