मदत हवी आहे: न्यू ऑर्लिन्सला क्रिओल जेवण, साध्या ठिकाणी की भारीतल्या?

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो. सासू-सासरे रत्नागिरीहून आलेत, त्यांना घेऊन गाडीने न्यू ऑर्लिन्सला चाललोय. बाकी खाणं रस्त्यावर कुठेही होईल, पण एक जेवण नीट क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच-स्पॅनिश-आफ्रिकन मिश्र पद्धतीचं, व्हावं अशी इच्छा आहे, आणि तिथेच घोडं अडलंय.

नवऱ्याला गॅलाट्वार्स हे भारीतलं रेस्टॉरंटच हवं. १९०५ पासूनचं, बर्बन स्ट्रीटवरचं. पण तिथे संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी दिवसभर पुरुषांना कोट सक्तीचा. सासरे मुलाच्या लग्नातही कोट घालायला तयार नव्हते! मला वाटतं, कॅनाल स्ट्रीटवरच्या मॅन्डीनाजसारख्या घरगुती ठिकाणी जावं, ट्राउट खावा, मोकळं बसावं.

सासऱ्यांना मासे, कोळंबी, खेकडा, सगळं चालतं, बीफ-पोर्क नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. साध्या ठिकाणी त्यांना रेड बीन्स-राइस तरी मिळेल ना? फोटोत तर अगदी राजमा-चावल दिसतो. आणि भारीतल्या ठिकाणी एवढे पैसे घालून त्या फक्त ब्रेड खाऊन उठल्या तर?

प्रतिसाद १
रेड बीन्सच्या भरवशावर राहू नका. तो सोमवारचा पदार्थ: कपडे धुण्याच्या दिवशी रविवारचं हॅमचं हाडूक घालून पातेलं चुलीवर ठेवून द्यायचे. आजही त्यात बहुतेक ठिकाणी हॅम किंवा सॉसेज शिजलेलं असतं, वरून काढून टाकता येत नाही. गंबोचंही (भातासोबतचा दाट रस्सा) तसंच. सीफूड गंबो म्हटलं तरी सॉसेज आहे का, स्टॉक कशाचा, ते विचारा.

म्हणून तुमच्या बाबतीत मी उलटं म्हणेन. साध्या ठिकाणी पातेलं सकाळीच तयार असतं, वेटर तरी काय करणार? भारीतल्या ठिकाणी बुकिंग करतानाच शाकाहाराचं सांगितलं तर वेगळं ताट करून मिळण्याची शक्यता जास्त. फक्त रात्री न जाता दुपारी जा.

प्रतिसाद २
+१. डूकी चेसचाही विचार करा. १९४१ पासूनचं, ट्रेमे भागात. नागरी हक्क चळवळीतली मंडळी वरच्या मजल्यावर बैठका घ्यायची, भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं आहेत. ना फार थाट, ना अगदीच साधं. सासऱ्यांना श्रिंप क्रिओल द्या, टोमॅटोच्या रश्शातली कोळंबी, भात सोबत. पण तिथलं ‘गंबो झर्ब’ नावाला पालेभाज्यांचं, आत भरपूर मांस. सासूबाईंसाठी चुकूनही मागवू नका.

धागाकर्ती
बापरे, राजमा समजून मागवलंच असतं मी! दुपारचं जेवण पटलं. मग गॅलाट्वार्स की कमांडर्स पॅलेस, ते दुसरं भारीतलं?

प्रतिसाद १
कमांडर्स. तिथे कोट सक्तीचा नाही. शॉर्ट्स आणि टी-शर्ट चालत नाहीत एवढंच. सासऱ्यांचा इस्त्रीचा शर्ट-पँट, सासूबाईंची साडी, काहीच अडचण नाही. टर्टल सूप तिथलं प्रसिद्ध, पण त्यात कासवाचं मांस असतं हे सासऱ्यांना आधीच सांगा. नवऱ्याची समजूत दुपारच्या जेवणासोबतच्या २५ सेंटच्या मार्टिनीवर काढा. सेंट चार्ल्सच्या ट्रामने वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरा, तिथून चालत थोडंसंच आहे.