मालीतील तुआरेग नागरिकांच्या सूडहत्या: जवानांचा संताप की राज्याची रीत?

उत्तरायण

सहारा वाळवंटातील तुआरेग या भटक्या पशुपालक समाजाबाबत मालीच्या उत्तरेत गेली साठ वर्षे जे घडत आले आहे, त्याला ‘युद्धातील दुर्दैवी प्रसंग’ म्हणणे मला मान्य नाही. स्वातंत्र्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, किदालच्या डोंगराळ भागात तुआरेगांचे पहिले बंड उठले. पहिले राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता यांच्या सरकारने ते मोडले ते केवळ बंडखोरांशी लढून नव्हे. लष्कराने विहिरी विषारी केल्या, जनावरांचे कळप गोळ्या घालून मारले, लोकांना जमवून त्यांच्यासमोर माणसे ठार केली आणि तो सारा मुलूख बाहेरच्यांना बंद केला. १९९० मध्ये मेनाकावरील हल्ल्याने दुसरे बंड सुरू झाले, आणि मे १९९१ मध्ये लेरे गावात तुआरेग व मूर समाजांतील सुमारे ३५ जणांना सैनिकांनी मारले. २०१२ मध्ये उत्तर भाग बंडखोरांच्या हाती गेला. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौजांच्या मदतीने लष्कर पुन्हा उत्तरेकडे सरकू लागले, तेव्हा मध्य मालीतील सेवारे येथे लोकांना केवळ संशयावरून पकडून मारल्याच्या आणि त्यांची प्रेते विहिरींत टाकल्याच्या साक्षी मानवाधिकार संघटनांनी नोंदवल्या. गोरटा वर्ण, डोक्यावरचे मुंडासे किंवा खिशात ओळखपत्र नसणे, एवढाच पुरावा अनेकदा पुरेसा ठरत होता. अधिकारी बदलले, सरकारे बदलली, तरी पद्धत तीच राहिली, म्हणून मी तिला राज्याची रीत म्हणतो.

शिलेदार

आपण १९६३ वरून १९९१ वर आणि तिथून २०१३ वर येता, पण जानेवारी २०१२ मध्ये उत्तरेतील अग्वेलहोक येथे जे घडले ते सोडून देता. तिथल्या छावणीतील सैनिकांचा दारूगोळा संपल्यावर त्यांना पकडून, हात बांधून मारण्यात आले. आकडे ८० पासून १५० पर्यंत सांगितले जातात, पण हत्याकांड झाले याविषयी वाद नाही. पुढे ६ एप्रिलला आझवादचे, म्हणजे उत्तर मालीचे, स्वातंत्र्य जाहीर करणारी तुआरेग संघटना त्या लढाईत अन्सार दीन या जिहादी संघटनेच्या बाजूने होती. ज्या सैनिकांना पुरेशी शस्त्रे मिळत नव्हती, ज्यांच्या पत्नी नवऱ्यांच्या खबरीसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या सैन्याने वर्षभरानंतर परत येताना मन शांत ठेवावे ही अपेक्षा दूर बसून करणे सोपे आहे. मी हत्यांचे समर्थन करत नाही. परंतु बंडखोर जेव्हा वस्त्यांतूनच वावरतात, तेव्हा सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि त्याची पहिली जबाबदारी आग लावणाऱ्यावर असते.

मीमांसा

शिलेदार, अग्वेलहोक हा युद्धगुन्हाच होता आणि त्याचे गुन्हेगार मोकळे राहिले, हेही तितकेच चीड आणणारे आहे. पण ओल्या-सुक्याची म्हण इथे लागू पडत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये राजधानी बामाको आणि तिच्याजवळच्या काती येथे जमावांनी तुआरेगांची घरे आणि दुकाने फोडली. ती शहरे किदालपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहेत, तिथे ना लढाई होती ना बंडखोरांची वस्ती. सप्टेंबर २०१२ मध्ये दियाबाली येथील नाक्यावर सैनिकांनी १६ धर्मप्रचारकांना मारले. ते एका मेळाव्यासाठी राजधानीकडे निघालेले माली व मॉरिटानियाचे नागरिक होते, आणि त्यांतील कोणाच्या हाती बंदूक नव्हती. शिवाय तुआरेग म्हणजे बंडखोर हे समीकरणच खोटे आहे. मालीच्या लष्करातील अधिकारी एल हाज अग गामू हे तुआरेगच, आणि २०१२ मध्ये ते आपली तुकडी घेऊन सरकारच्या बाजूने राहिले.

दक्षिणवारा

मला दोन्ही बाजूंशी थोडे भांडायचे आहे. उत्तरेत केवळ तुआरेग राहत नाहीत. नायजर नदीकाठी सोंघाय शेतकरी आहेत, पूर्वी तुआरेगांचे गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे वंशज आहेत, आणि बंडखोरांच्या लुटीचा मार त्यांनीही सोसला. १९९४ मध्ये सोंघायांची गांदा कोय ही सशस्त्र टोळी त्यातूनच उभी राहिली आणि तिनेही तुआरेग व अरब नागरिक मारले. तो हिशेब न्यायालयात मांडला असता तर कोणताच पक्ष टेबलाशी बसला नसता. २७ मार्च १९९६ रोजी टिंबक्टू येथे सुमारे ३,००० शस्त्रे जाहीरपणे जाळली गेली, बंडखोर सैन्यात सामावले गेले, निर्वासित परतले. ही शांतता माफीमुळे मिळाली. मेलेल्यांना न्याय हवा हे मान्य, पण जिवंत असलेल्यांनाही जगायचे असते.

उत्तरायण

दक्षिणवारा, आपला मुद्दा सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यालाच उत्तर देतो. ती शांतता दहा वर्षे टिकली, मे २००६ मध्ये पुन्हा बंड झाले. माफीने शस्त्रे जाळली, पण तुआरेग माणूस मारला तर शिक्षा होत नाही ही समजूत तशीच ठेवली. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधन आयोगाने २०,००० हून अधिक जबान्या घेतल्या. त्यांतून खटले उभे राहण्याआधी, २०१९ मध्ये, ‘राष्ट्रीय सलोख्या’चा कायदा आला, आणि त्याच्याच आधारे २०२१ मध्ये, २०१२ च्या लष्करी उठावाचे नेते कॅप्टन सानोगो यांच्यावरील खटला थांबवण्यात आला. तो खटला तुआरेगांच्या हत्येचाही नव्हता, मालीच्याच लष्करातील २१ जवानांच्या हत्येचा होता. जिथे स्वतःच्या जवानांच्या खुनाला न्याय मिळत नाही, तिथे वाळवंटातल्या गुराख्याने काय आशा करावी? हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे मालीने स्वतःच २०१२ मध्ये प्रकरण सोपवले. तिथे आजवर दोघे दोषी ठरले, एकाला ९ वर्षे आणि दुसऱ्याला १० वर्षे, आणि दोघेही अन्सार दीनचे. दोन्ही शिक्षा योग्यच आहेत, परंतु गणवेशातला एकही माणूस तिथे उभा राहिलेला नाही.

शिलेदार

गणवेशातल्या माणसाला उभे करायचे तर आधी राज्य उभे हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कराने किदाल परत घेतले, तोवर तिथे सरकारचा शब्द चालत नव्हता. शिवाय २०२२ पासून मेनाका भागात इस्लामिक स्टेटच्या टोळ्यांनी तुआरेगांचीच गावे कापून काढली. त्यांना वाचवायला शेवटी सैन्यच लागणार आहे.

मीमांसा

सैन्य लागणार हे खरे, म्हणूनच ते कसे वागते हा प्रश्न त्या गावांसाठी जीवनमरणाचा आहे. किदाल हाती आल्यानंतरही मार्च २०२४ मध्ये अमासराकाद येथे ड्रोन हल्ल्यांत मुलांसह किमान १३ नागरिक मेले. जुलैमध्ये तिनझाउआतेनजवळ लष्कर आणि वॅग्नर या रशियन कंपनीच्या भाडोत्री सैनिकांचा मोठा पराभव झाला, आणि ऑगस्टमध्ये त्याच गावावर झालेल्या ड्रोन हल्ल्यात २१ नागरिक मेल्याचे बंडखोरांनी सांगितले. त्यांत ११ मुले होती. सरकारने मात्र दहशतवाद्यांना टिपल्याचे जाहीर केले. मॉरिटानियातील म्बेरा निर्वासित छावणीत आज एक लाखाहून अधिक लोक आहेत, आणि त्यांतील काही कुटुंबे १९९० च्या दशकातही याच सीमेपलीकडे पळाली होती. त्यांना परत बोलावायचे असेल, तर ऑगस्टमधल्या त्या हल्ल्याचा आदेश कोणी दिला, हे बामाकोने आधी सांगावे.